गिळताना

काटा लागला तेव्हा अरुंधती नुकतीच हसून थांबली होती. मधुकररावांनी घास घेतला, दोनदा चावला, गिळला, आणि गिळता गिळता घशाच्या डाव्या बाजूला, जिभेच्या मुळाच्याही खाली, काहीतरी बारीक आणि सरळ उभं राहिलं. फार टोचलं असंही नाही. सुईत दोरा ओवताना बोटाला लागतं तेवढंच. ते थांबले. पुन्हा आवंढा गिळला. पुन्हा तिथंच. समोर अरुंधती ताटलीतल्या तुकड्याची कातडी चमच्यानं बाजूला सारत होती. तिला काही कळलेलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, अर्धा संपवला, ओठ पुसले आणि म्हणाले, "चांगला आहे." आवाज त्यांचाच होता, नेहमीसारखा. त्यामुळे क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी तिसऱ्यांदा आवंढा गिळून पाहिला आणि आता हे सगळ्या जेवणभर असंच चालणार हे त्यांच्या लक्षात आलं.

सदरमधलं हे हॉटेल त्यांनीच शोधून काढलं होतं. समुद्राचे ताजे मासे मिळतील असं बाहेर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि नागपुरात उभं राहून ते वाचताना कुणालाही जी शंका यावी ती त्यांनाही आली होती, म्हणून त्यांनी आठवडाभरात तीनदा फोन करून विचारून घेतलं होतं. सुरमई आहे का? है सर. बोंबील? सब है सर, आप आइये तो. आणि आज शनिवारी साडेसातला ते दोघं येऊन बसले तेव्हा टेबलावर एक मेणबत्ती, काचेच्या नळीत एक गुलाब आणि 'डेट नाइट' असं लिहिलेला लाल पुठ्ठ्याचा बदाम होता. आजूबाजूच्या टेबलांवर पंचवीस-तिशीतली पोरं-पोरी एकमेकांचे फोटो काढत होती. मधुकररावांना वाटलं, उठून जावं. तेवढ्यात वेटर आला. छातीवर गोविंदा अशी नावाची पट्टी, चाळिशीचा, हसरा माणूस. "सर, मॅडम, ॲनिव्हर्सरी आहे का आज?" त्यानं विचारलं. आणि मधुकरराव म्हणाले, "हो."

का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोण, मग काय, आणि त्यातल्या कशाचंच उत्तर त्यांच्याजवळ तयार नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं. अरुंधतीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मेनूकार्डात डोकं घातलं. मग गोविंदानं सांगितलं, की सुरमई आज आलीच नाही, गाडी लेट झाली. बोंबील तर महिनाभर नाहीत. पण कतला आहे, एकदम ताजा, तो गोव्याच्या करीत करून देतो. ती करी आली. लालभडक, वर खोबऱ्याचा कोरडा कीस भुरभुरलेला. अरुंधतीनं एक तुकडा मोडला, वास घेतला आणि ती हसत सुटली. "अहो, हा नदीचा मासा. आमच्या वेंगुर्ल्याला मांजरानंसुद्धा याच्याकडे वळून पाहिलं नसतं." तिचं हसणं वाईट नव्हतं. पण त्या हसण्यामागे काहीतरी खाली बसलं, ते त्यांना दिसलं. दोन वर्षं ती ज्याबद्दल बोलत होती, छत्तीस वर्षं अंडंसुद्धा न येणाऱ्या सासरी जे तिनं मनातल्या मनात खाल्लं होतं, ते हे नव्हतं. आणि ते आणून देण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. म्हणून त्यांनी भला मोठा तुकडा उचलला, भाताबरोबर कालवला आणि फार आवडल्यासारखा तोंडात टाकला.

आता त्यांनी नुसता भात घेतला. भाताचा घट्ट गोळा करून न चावता गिळला. गोळा काट्यावरून घसरत गेला आणि काटा मागे तसाच राहिला; उलट जरासा आडवा झाला असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. "तिखट आहे का हो?" अरुंधतीनं विचारलं. त्यांनी मान हलवली. तिखट आहे. हे एक बरं सापडलं. तिखट आहे म्हणून पाणी, तिखट आहे म्हणून रुमाल, तिखट आहे म्हणून गप्प.

मासा त्यांनी चोपन्न वर्षांनी खाल्ला होता. हे अरुंधतीला माहीत नव्हतं. खाप्याला, कन्हान नदीच्या काठी, त्यांचं लहानपण गेलं. वडील मागावर बसत आणि नदीचा मासा घरी आठवड्यातून एकदा तरी यायचाच. नदीवर धोंडबा नाव चालवायचा. उंच, काळा, हाका मारत बोलणारा. मधुकरला तो खांद्यावर बसवून पलीकडे न्यायचा. मधुकर नऊ वर्षांचा असताना कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत धोंडबाच्या घशात काटा अडकला. लोकांनी त्याला केळं खाऊ घातलं, कोरड्या भाकरीचे गोळे गिळायला लावले, पाठीत बुक्क्या मारल्या. थोड्या वेळानं तो हसला, म्हणाला, गेला. संध्याकाळी त्यानं नावही चालवली. चौथ्या दिवशी त्याची मान सुजून हनुवटीच्या बरोबरीला आली आणि तोंड उघडेनासं झालं. त्याला नागपूरच्या बसमध्ये बसवताना मधुकरनं पाहिलं होतं. खिडकीतून धोंडबा सगळ्यांकडे पाहत होता आणि त्याला हाक मारता येत नव्हती. तो परत आला नाही. मधुकरची आई, इंदूबाई, त्या दिवशी चुलीपुढून उठली, माशाचं कालवण परसात नेऊन ओतलं आणि म्हणाली, "आजपासून या घरात मासा येनार नाही. ज्याले खायचा असन त्यानं नदीवर जाऊन खावा." कुणी गेलं नाही. पुढे मधुकर शिकले, पाटबंधारे खात्यात आरेखक झाले, धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढत पस्तीस वर्षं काढली, कुंदाशी लग्न झालं, अंकित झाला, कुंदा गेली. या सगळ्यात मासा कुठंच नव्हता.

मग अरुंधतीला आपण, मासा म्हणजे माझा जीव, असं का सांगितलं? ते बँकेतल्या रांगेत झालं. नोव्हेंबरात पेन्शनर लोक हयातीचा दाखला द्यायला जातात, त्या रांगेत. मशीन मधुकररावांच्या बोटांचे ठसेच घेत नव्हतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, काहीच नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पुढच्या आठवड्यात या." आणि आपण आहोत हे सिद्ध करता येत नाही, या साध्या गोष्टीनं ते खरोखर घाबरले होते. मागे उभ्या असलेल्या बाईंनी पर्समधून हातांना लावायचं क्रीम काढलं, त्यांच्या अंगठ्यावर ठिपका दिला आणि म्हणाल्या, "चोळा. दोन मिनिटं थांबा. आता दाबा." मशीननं टुक केलं. त्या बाई भूगोलाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. नंतर चहाच्या टपरीवर त्या म्हणाल्या, की नागपुरात सगळं आहे, पण सोबत बसून मासे खाईल असं माणूस नाही. आणि मधुकरराव म्हणाले, "मला तर फार आवडतात." आधी हे एवढंच होतं. पुढे दोन वर्षांत त्या एका वाक्यावर बरंच काही चढत गेलं. आठवड्यातून दोनदा सकाळी मैदानावर फेऱ्या, कधी सीताबर्डीपर्यंत मेट्रोनं जाऊन उगीच परत येणं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकमेकांसोबत जाणं. समोर ते तिला मॅडम म्हणत, मनात अरुंधती. ती त्यांना आधी हेडाऊ साहेब म्हणायची, मागच्या पावसाळ्यापासून मधुकरराव म्हणू लागली होती. तिच्याशी ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. घरी अंकितशी आणि सून रितिकाशी जसं बोलत तसं नाही. त्यामुळे तिच्याजवळ प्रत्येक वाक्य आधी मनात घडवून मग बाहेर काढावं लागे.

"मला तुमच्याशी बोलायचं होतं," अरुंधती म्हणाली. तिनं ताटली बाजूला सरकवली होती. मेणबत्तीच्या उजेडात तिच्या चष्म्याच्या काचेवर दोन ज्योती होत्या आणि त्यामागचे डोळे दिसत नव्हते. "खुशीनं बंगलोरला घर घेतलं ना. तिथं माझ्यासाठी एक खोली ठेवलीय. आता ती म्हणते, आई, नागपुरात एकटी कशाला राहतेस, फ्लॅट देऊन टाक आणि ये. कायमची." ती थांबली. मधुकररावांच्या तोंडात लाळ जमली होती. ती गिळायला हवी होती. त्यांनी न गिळता तशीच ठेवली. "मी सहा महिने टाळतेय. आज तिला सांगायचंय. ती तिकीट काढून बसलीय, नुसतं हो किंवा नाही म्हणायचं आहे." पुन्हा थांबली. काटेचमचा सरळ केला. "म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं. तुम्हाला काय वाटतं?"

हे विचारायला ती इथं आली होती. मासे खायला नाही. हे मधुकररावांना आता, उशिरा, लख्ख दिसलं. आणि याचं उत्तर त्यांच्याजवळ होतं. कित्येक महिने होतं. सकाळी दाढी करताना आरशासमोर त्यांनी ते म्हणूनही पाहिलं होतं: मला असं वाटतं, की आपण दोघांनी या वयात एकमेकांच्या आधारानं राहावं. नंतर आधारानं हा शब्द त्यांनी काढला होता, कारण तो काठीसारखा वाटत होता. मग वाक्य उभंच राहीना. पण निदान, जाऊ नका, हे दोन शब्द तरी होते. त्यांनी तोंड उघडलं. लाळ घशाकडे सरकली, गिळावी लागली, आणि काटा खोल कुठंतरी रुतल्यासारखा झाला. त्यांनी तोंड मिटलं. आपण आता बोललो आणि खोकला आला तर? खोकल्यातून रक्त आलं तर? त्या पोरापोरींच्या देखत, या गुलाबाच्या देखत आपण टेबलावर पडलो तर? त्यांना अंकित दिसला. अंकितला त्यांनी सांगितलं होतं, की जुन्या ऑफिसातल्या प्रेमानंदकडे जेवायला चाललो. अंकितचा फोन वाजेल. कुणीतरी म्हणेल, तुमचे वडील. सदरच्या हॉटेलात. सोबत एक बाई होत्या. नाही, प्रेमानंद नव्हे, बाई. रितिका विचारेल, कोण बाई? आणि अरुंधती तिथं कुठंतरी भिंतीला टेकून उभी असेल, पर्स दोन्ही हातांनी धरून, आणि तिला कुणी बसा म्हणणार नाही. हे इतकं स्पष्ट दिसलं, की त्यांच्या कपाळावर घाम आला. ते उत्तर देणं विसरलेच. समोर ती वाट पाहत होती. काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी डावा हात उचलला, तळवा वर केला आणि किंचित हलवला. तुमची इच्छा, अशा अर्थाचा तो हात होता. थांबा जरा, अशा अर्थाचा त्यांना करायचा होता.

अरुंधती त्या हाताकडे पाहत राहिली. "बरं," ती म्हणाली.

तिनं पर्समधून फोन काढला आणि खाली मान घालून काहीतरी लिहिलं. फार वेळ लागला नाही. तेवढ्यात मधुकररावांनी ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं, मग तिच्या ग्लासातलंही उचललं आणि प्यायले. तिनं वर पाहिलं, ग्लास पाहिला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. त्यांनी बोटांनी गळा बाहेरून चाचपला. कॉलरच्या वर, डावीकडे. सूज आहे का? दाबलं की दुखतं का? दुखत होतं; पण दाबल्यामुळे दुखत होतं की आतून, हे कळायला मार्ग नव्हता. चौथ्या दिवशी, त्यांच्या मनात आलं. आज शनिवार. चौथा दिवस मंगळवार.

आणि त्याच वेळी गोविंदा आला. त्याच्या हातात पांढरी थाळी होती, तीत आइस्क्रीमचे दोन गोळे आणि कडेनं चॉकलेटच्या तपकिरी अक्षरांत हॅपी ॲनिव्हर्सरी. मागे आणखी दोन वेटर टाळ्या वाजवायला उभे होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं फोन वर केला. "सर, मॅडम, आमच्याकडून," गोविंदा म्हणाला. "किती वर्षं झाली?"

"आमची ॲनिव्हर्सरी नाही," अरुंधती म्हणाली. शांतपणे, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला सांगावं तसं. "आम्ही ओळखीचे आहोत."

टाळ्या हवेतच राहिल्या. गोविंदा थाळी ठेवावी की न्यावी या विचारात उभा राहिला, मग त्यानं ती ठेवली आणि मागच्या मागे गेला. मधुकरराव त्या अक्षरांकडे पाहत होते. ओळखीचे. शब्द खोटा नव्हता. बँकेतल्या त्या मुलीलाही ते ओळखत होते. दूधवाल्याला, मैदानावरच्या पहारेकऱ्याला. आइस्क्रीम कडेनं विरघळू लागलं आणि अक्षरं पसरली. थंड खाल्लं तर बरं वाटेल का, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

बाहेर सदरचा रस्ता शनिवारचा होता. दुचाक्या, गाड्या, फुटपाथवर फुगेवाले, हवेत कुठल्यातरी तळणाचा वास. अरुंधती पायरीवरून उतरून कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "मी ऑटोनं जाईन. तुम्ही सोडायला येऊ नका, उलटं पडेल तुम्हाला." हे ती नेहमीच म्हणायची आणि ते नेहमीच सोडायला जायचे. आज ती ते खरंच म्हणत होती. तिनं हात केला, एक ऑटो वळला. तिच्या पाठीकडे पाहताना मधुकररावांना वाटलं, की तिला थांबवायला या क्षणी काहीही चाललं असतं. दिवे जायला हवे होते, कुणी ओळखीचं भेटायला हवं होतं. काही झालं नाही. त्यांनी रुमाल तोंडाशी धरून घसा खाकरला, थुंकी रुमालात घेतली आणि दुकानाच्या उजेडात पाहिलं. त्यात एक बारीक लाल रेघ होती.

"मॅडम," ते म्हणाले. ती ऑटोवाल्याला पत्ता सांगत होती. "मॅडम, मले काटा लागला."

ती वळली. "काय?"

"घशात. माशाचा. मले गिळता येऊन नाही राहिलं." त्यांनी रुमाल पुढे केला, जसा लहान मूल शाळेतून आल्यावर गुडघा दाखवतं. "रक्त आहे."

"केव्हा लागला?"

"तुम्ही हसून राहिल्या होत्या ना, मांजरीचं सांगून. तवाच."

अरुंधतीनं चष्मा वर सरकवला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "पाऊण तास झाला त्याला! पाऊण तास तुम्ही माझ्यासमोर बसून… आमच्याकडे चार वर्षांचं पोर बोंब मारून सांगतं, काटा लागला म्हणून. यात लपवायचं काय होतं हो?" ऑटोवाला मान वळवून दोघांकडे पाहत होता. ती म्हणाली, "बसा. आधी बसा." आणि त्याला म्हणाली, "भय्या, पास में कौन सा बड़ा अस्पताल है, जहाँ गले का डॉक्टर मिले?"

ऑटो निघाला. एका हातानं तिनं पुढचा दांडा धरला होता आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट. पण ते धरणं मायेचं नव्हतं, रस्ता ओलांडताना हट्टी पोराला धरतात तसं होतं. मधुकररावांना भीती होतीच, धोंडबाच्या बसची खिडकीही डोळ्यांपुढे होतीच, पण त्याखाली कुठंतरी एक चमत्कारिक सैलपणा आला होता. मले म्हणून गेलो आपण, त्यांच्या लक्षात आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिला ते जाणवलं का, काय वाटलं, हे तिच्या चेहऱ्याकडे पाहून कळत नव्हतं. खड्ड्यातून ऑटो गेला की काटा हलतो का, हे ते आवंढा गिळून पाहत होते. प्रत्येक वेळी तो तिथंच होता.

हॉस्पिटलात कान-नाक-घशाची डॉक्टर ड्यूटीवर होती. तिशीची, केस वर बांधलेले, घाईत पण प्रेमळ. तिनं त्यांना खुर्चीवर टेकून बसवलं, नाकात आणि घशात कडू औषध फवारलं, आणि घसा बधिर झाल्यावर नाकातून एक बारीक काळी नळी आत सोडली. तिच्या टोकाला कॅमेरा होता. बाजूच्या पडद्यावर गुलाबी, ओली, हलणारी एक जागा दिसू लागली. आपला घसा असा आहे हे मधुकररावांनी पहिल्यांदाच पाहिलं. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात ते नोकरीत असताना एकदा उतरले होते, तशीच ओल, तसाच चकाकणारा अंधार. अरुंधती खुर्चीच्या मागे उभी होती. तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

"ई म्हणा, काका," डॉक्टर म्हणाली. ते ई म्हणाले. पडद्यावर दोन पांढऱ्या कडा जवळ आल्या आणि दूर झाल्या. "जीभ बाहेर. पुन्हा ई. हं." तिनं नळी इकडे तिकडे फिरवली, एका जागी थांबवली, जवळ नेली. "इथं बघा. ही लाल रेघ दिसते? हा ओरखडा. काटा नाहीये."

"आहे," मधुकरराव नळीसकट म्हणाले. "टोचतंय."

"टोचणारच. दोन दिवस टोचेल. पण काटा केव्हाच खाली गेला. पहिल्या पाण्याबरोबर किंवा भाताबरोबर गेला असेल. सगळ्यांना असंच वाटतं, अजून अडकलाय म्हणून." तिनं नळी बाहेर काढली. "सूज नाही, काही नाही. थंड आणि मऊ खा दोन दिवस. आणि जास्त गप्प बसायची गरज नाही बरं का. आवाजाला काही झालेलं नाही, आवाज एकदम चांगला आहे."

शेवटचं वाक्य ती कागदावर लिहिता लिहिता, धीर द्यायला म्हणाली होती. मधुकररावांनी मागे वळून पाहिलं नाही. खुर्चीमागचा श्वास थांबल्यासारखा झाला, मग पुन्हा सुरू झाला. जीव वाचला, हे त्यांना कळलं. मंगळवार येणार होता आणि जाणार होता. पण सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटेना. पहिल्या पाण्याबरोबर. म्हणजे ती बंगलोरचं बोलायला लागली तेव्हा घशात काही नव्हतं. एक रेघ होती फक्त. आपण तळवा वर केला तो काट्यामुळे नव्हे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये निळ्या खुर्च्यांची रांग होती. एका टोकाला दोन माणसं एक्स-रेचं पाकीट घेऊन बसली होती. अरुंधती दुसऱ्या टोकाला बसली. मधुकरराव एक खुर्ची सोडून बसले, मग उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर आले. घसा बधिर होता; गिळलं की काही गिळल्याचं कळतच नव्हतं, आणि ते टोचण्यापेक्षाही घाबरवणारं होतं.

"म्हणजे बोलता आलं असतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"मी काय विचारलं होतं ते कळलं होतं?"

"हो. कळलं होतं."

ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. "मी खुशीला कळवून टाकलं. टेबलावरच. येते म्हणून."

ते तिच्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "मी मासा खात नाही. नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून नाही खाल्ला. भीती वाटते मले."

अरुंधतीनं त्यांच्याकडे पाहिलं. "आणखी काय काय खोटं आहे?"

त्यांनी खरोखरच विचार केला. एकेक गोष्ट उचलून पाहिली. "घरी प्रेमानंदचं नाव सांगून आलो. आणि ते ॲनिव्हर्सरीचं," ते म्हणाले. "बाकी नाही. बाकी सगळं खरं आहे." जीभ जड झाली होती आणि शब्द एकमेकांत अडकत होते, पण आता ते घडवत बसायला वेळ नव्हता. "मॅडम… अरुंधती, मले वाटते तुम्ही जाऊ नका. हे मले तिथंच म्हणायचं होतं. त्याच्या आधीच म्हणायचं होतं. काहून नाही म्हटलं, तर मले भेव वाटलं. काट्याचं नाही. तुम्ही नाही म्हनसान याचं. आन् हो म्हनसान याचंबी."

एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. "हे तुम्ही दवाखान्यात सांगताय," ती शेवटी म्हणाली. "आणि मला अजून तुमचा राग आलाय. तो काही एवढ्यात जाणार नाही." तिनं पर्सची चेन उघडली, बंद केली. "खुशीला मी दोनदा दोन गोष्टी सांगणार नाही. तिला वाटेल, आईचं डोकं फिरलं."

"फोन लावा," मधुकरराव म्हणाले. "मी बोलतो."

"तुम्ही?"

"लावा."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं फोन काढला, लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजत होती. खुशीला ते कधीच भेटले नव्हते. आईच्या वॉकिंग ग्रुपमधलं कुणीतरी एवढंच तिला माहीत असावं. आपण कोण म्हणून सांगायचं, हे त्यांनी मनात जुळवायला घेतलं आणि ते जुळायच्या आत पलीकडून आवाज आला, "हं आई, बोल."

"मी मधुकर. मधुकर हेडाऊ बोलून राहिलो," ते म्हणाले. बधिर घशातून शब्द चिखलातून पाय काढावा तसे येत होते. "तुमची आई इथंच आहे, बरी आहे. मले तुम्हाला सांगायचं होतं, की त्या येणार म्हणाल्या ते…"

"कोण? हॅलो? काहीच ऐकू येत नाहीये," खुशी म्हणाली. "मोठ्यानं बोला."

मधुकररावांनी अरुंधतीकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. मग त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि पलीकडच्या टोकाला एक्स-रे घेऊन बसलेली ती दोन माणसं दचकून वळतील एवढ्या मोठ्यानं, पुन्हा आपल्या नावापासून सांगायला सुरुवात केली.